डावं बंदर

"लिनक्स हँग होत नाही," यज्ञेश्वरराव म्हणाले. "हँग होतात ती माणसं."

हे वाक्य त्यांनी घरी आरशासमोर घोटून घेतलं होतं, त्यामुळे ते झकास बसलं. धायरीच्या मोरेश्वर विहार सोसायटीचा तळघरातला हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि त्यांवर चहाच्या आशेने जमलेले सभासद. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा येईपर्यंत पुण्यात कोणीही कशालाही मान डोलावतो.

यज्ञेश्वर खांबेटे हे सोसायटीचे सेक्रेटरी. विम्याच्या कचेरीतून रिटायर झाल्यावर माणसं सहसा गुडघ्यांच्या मागे लागतात, हे लिनक्सच्या मागे लागले. हिंजवडीला नोकरी करणारा पुतण्या, आमोद, त्यांचा गुरू. त्याच्याकडून अर्धंमुर्धं शिकताच त्यांनी सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर लिनक्सवर आणला आणि लगोलग शुद्ध मराठीतही आणला. माउसला मूषक, प्रिंटरला मुद्रक. पेन ड्राइव्ह खुपसायच्या त्या पोर्टला काय म्हणावं म्हणून शब्दकोश उघडला, तर पहिलाच अर्थ 'बंदर' असा निघाला. पहिला अर्थ मिळाल्यावर दुसरा शोधणं हे त्यांच्या मते संशयी माणसाचं लक्षण. तेव्हापासून त्या कॉम्प्युटरला पुढच्या बाजूने दोन बंदरं होती. एक डावं, एक उजवं. दसऱ्याला झेंडूची माळ घालून त्याची यथासांग पूजा झाली होती आणि पूजेचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर खुद्द यज्ञेश्वररावांनी टाकला होता.

"आणि ज्या दिवशी हे मशीन हँग होईल," ते पुढे म्हणाले, "त्या दिवशी गेटच्या पाटीवरचं माझं नाव मी स्वतःच्या हाताने पुसीन."

पाटीवरचं नाव म्हणजे त्यांचा जीव होता. सकाळी दूध आणायला जाताना ते एकदा वाचायचे, येताना पुन्हा वाचायचे.

त्यांनी डाव्या बंदरात पेन ड्राइव्ह लावला. प्रोजेक्टरच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत ओळ होती : 'स्थैर्य म्हणजे काय?' ती तिथेच राहिली. मूषक हलवला, बाण हलेना. कीबोर्ड बडवला, काही नाही. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा थांबलं. यज्ञेश्वरराव हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. पडदा ढिम्म.

पहिल्या रांगेत भीमराव बसले होते. ही सोसायटी उभी आहे ती भीमरावांच्या वडिलांच्या ज्वारीच्या रानावर. आता त्यांचे सी विंगमध्ये मजलाभर फ्लॅट आहेत, पण बोलताना ते अजून 'बी विंग' न म्हणता 'हिरीकडचा तुकडा' म्हणतात. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आत्ता कळलं स्थैर्य," ते म्हणाले. "लई स्थिर हाय. हालतच न्हाई."

हॉल फुटला. लोक इतके हसले की चहा आलेला कोणाला कळला नाही, आणि हे त्या हॉलमध्ये यापूर्वी घडलेलं नव्हतं.

"सेक्रेटरी, थिनर पाठवू का? पाटीला?" भीमराव उठले. "का पुढल्या मीटिंगीत पुसताय? तवा मी बी पेन डायव्ह घिऊन येतो. आमच्या विंगचं गटाराचं चेंबर गणपतीपासनं उतू चाललंय, त्याचे फोटू दावतो. तुमी अर्ज मागताय, मी फोटू देतो. लागतंय का बगू तुमच्या मशीनला."

यज्ञेश्वरराव घरी आले ते लालबुंद होऊन.

"काय झालं?" उल्काताईंनी विचारलं.

"घातपात."

"कोणाचा?"

"मशीनचा."

"मग आधी जेवून घ्या. घातपात कुठे पळून जात नाही."

उल्काताई जन्मापासून सदाशिव पेठेतल्या. नवऱ्याच्या संतापाकडे त्या उकळत्या आमटीसारखं बघायच्या : झाकण अर्धवट ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

पण ही आमटी खाली बसेना. वरणभात कालवता कालवता यज्ञेश्वरराव 'हालतच न्हाई' असं स्वतःशीच म्हणत होते आणि दर वेळी घास जोरात आपटत होते. ऑफिसच्या किल्ल्या दोन. एक त्यांच्याकडे, दुसरी चेअरमन म्हणून भीमरावांकडे. झालं. आरोपी सापडला, खटला चालला, निकालही लागला, आणि अजून ताकाची वाटी यायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ऑफिसातून आमोदला फोन लावला. आमोद कंपनीच्या बसमध्ये हिंजवडीच्या ट्रॅफिकात अडकला होता, म्हणजे त्याला वेळच वेळ होता.

"काका, फ्रीझ झाल्यावर कॅप्स लॉक दाबून बघ. दिवा लागतो का?"

"नाही."

"मग कर्नलच, म्हणजे लिनक्सचा गाभाच, गेला. पॉवरचं बटण दाबून धर, बंद कर, परत चालू कर आणि लॉग वाच."

लॉग म्हणजे मशीनची रोजची बडबड. ती वाचली तर शेवटची ओळ अर्धीच. वाक्य बोलता बोलता माणूस गचकावा तशी.

"आता दुसऱ्या पोर्टला लावून बघ."

उजव्या बंदरात पेन ड्राइव्ह लावला, सुतासारखा चालला. मूषक लावला, चालला. मुद्रक लावला, त्याने घाबरून एक कोरा कागदसुद्धा काढून दाखवला. तेच सगळं डाव्याला लावलं की, ठार. लावलं रे लावलं की गोठलं. आमोदला पहिल्या दोन खेपांतच समजलं होतं, पण यज्ञेश्वररावांनी दुपारपर्यंत तेच केलं. "स्वतः करून बघितल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही," हे त्यांचं ब्रीद होतं आणि त्यापायी त्यांनी आयुष्यात बरेच चटके नि करंट खाल्ले होते आणि एकदा रंग ओला आहे का हे बघताना अख्खा शर्ट घालवला होता.

"काका, सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही," आमोद म्हणाला. "पोर्ट आतून शॉर्ट होतंय. मशीन बंद कर आणि बॅटरी मारून आत बघ. कचरा बिचरा असेल."

"आमोद, गुन्ह्याच्या जागेला हात लावत नसतात."

"कुठला गुन्हा?"

"आत कोणीतरी काहीतरी घातलंय."

"अरे तेच म्हणतोय मी! बघ ना मग काय घातलंय!"

"कोणी घातलंय ते मला माहीत आहे. काय घातलंय ह्याच्याशी मला कर्तव्य नाही."

फोनवर नुसते हॉर्न ऐकू आले. मग आमोद म्हणाला, "बरं, मग निदान ते पोर्ट वापरू नकोस. जो कोणी त्यात पेन ड्राइव्ह घालेल त्याची फजिती होईल."

यज्ञेश्वरराव खुर्चीतून उठले.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

"काय?"

"शेवटचं."

"जो कोणी त्यात पेन ड्राइव्ह घालेल—"

"दीर्घायुषी हो," यज्ञेश्वरराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

भीमराव पेन ड्राइव्ह आणणार होते. भर मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने. त्या दिवसापासून यज्ञेश्वररावांनी डाव्या बंदराच्या दुरुस्तीचा विचारच सोडला. आता ते त्याला जपू लागले. येता जाता त्याच्यावरची धूळ फुंकायचे, पण बेताने, आतलं काही उडून जायला नको. पिसाळलेलं कुत्रं शेजाऱ्यावर सोडायच्या आधी त्याला दूधभात घालावा तशी ती माया होती.

अडचण एवढीच की भीमरावांनी चुकून उजवं बंदर धरलं तर सगळ्याचाच विचका. म्हणून यज्ञेश्वरराव कसब्यातल्या एका सुताराकडे गेले. मशीन पूर्ण आत बसेल अशी लाकडी पेटी करा, म्हणाले. मागून वायरींना फट, पुढे दार, दाराला कुलूप, आणि दाराला एकच भोक, डावीकडे, एवढं एवढं. सुतार पिढ्यान् पिढ्या देव्हारे करणारा. त्याने माप बरोब्बर घेतलं, पण हात सवयीच्या वळणावर गेला. पेटीला नक्षीचे खांब आले आणि वर कळस आला.

"कळस कशाला?" यज्ञेश्वरराव ओरडले.

"त्याचे वेगळे घेत नाही," सुतार म्हणाला.

पेटीत मशीन बसलं. उजवं बंदर, पॉवरचं बटण, सगळं कुलपाआड. किल्ली भीमरावांच्या हाती लागू नये म्हणून ती त्यांनी दोरीने जानव्याला बांधली. आता फक्त मीटिंगपर्यंत दुसऱ्या कोणी येऊन त्या भोकात काही खुपसायला नको होतं. मग त्यांनी सोसायटीच्या फळ्यावर आपल्या वळणदार अक्षरात सूचना लावली :

'कार्यालयातील डावे बंदर बिघडले आहे. ते बिथरल्यास सर्व कामकाज ठप्प होते. त्यास कोणीही बोट लावू नये. उजवे बंदर शांत आहे. तूर्त दोन्ही पेटीत ठेवली आहेत. हुकमावरून, सेक्रेटरी.'

संध्याकाळी बी विंगच्या शेफालीमॅडमनी त्यांना लिफ्टपाशी गाठलं. त्या कानपूरहून नुकत्याच आलेल्या, फळ्यावरचं अक्षर लावत लावत वाचणाऱ्या आणि 'बंदर' ह्या शब्दाचा हिंदीतला, शेपटीवाला अर्थ जन्मापासून माहीत असणाऱ्या.

"अंकल, वो बंदर... सच में ऑफिस में है?"

"है तो! दो है," यज्ञेश्वरराव अभिमानाने म्हणाले.

"हाय राम. काटता है क्या?"

कनेक्शन काटता है का, असं त्या विचारताहेत असा त्यांचा समज झाला. "लेफ्टवाला काटता है. एकदम सब बंद. राइटवाला गरीब है. मैं रोज उसमें उंगली लगाके देखता है."

"और आपने दोनों को पेटी में बंद करके रखा है?"

"कुलूप लगाके! सिर्फ एक भोक रखा है."

"हवा के लिए?"

"नहीं, नहीं. उस भीमराव के लिए," यज्ञेश्वरराव म्हणाले आणि असे काही हसले की शेफालीमॅडम लिफ्ट सोडून जिन्याने गेल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दाराशी कोणीतरी केळी ठेवली होती. सभासदांच्या मनात आपल्याविषयी पुन्हा आदर निर्माण होतो आहे असं समजून यज्ञेश्वररावांनी ती खाल्ली.

आता राहिलं होतं भाषण. भीमराव तोंडघशी पडल्यावर आपण गप्प उभं राहणं बरं दिसणार नाही, म्हणून ते रोज ऑफिसात बसून ते टाइप करत होते. काय काय आठवत होतं! भीमरावांनी भर गणपतीत आपल्याला 'विमावाले' म्हटलं ते. 'अर्ज लेखी द्या' म्हटल्यावर त्यांनी खताच्या पिशवीच्या तुकड्यावर अर्ज लिहून दिला ते. आणि ते 'हालतच न्हाई'! प्रत्येक अपमानाला एकेक टोमणा लागला. चष्मा काढून झोकात बोलायचं होतं, म्हणून अक्षरं पेरूएवढी केली. टाळ्या कुठे, हशा कुठे, पाणी कधी प्यायचं, सगळं कंसात लिहून ठेवलं.

मीटिंगच्या सकाळी ते लवकर गेले. मशीन पेटीसकट हॉलमध्ये टेबलावर आणून ठेवलं, भाषणावर शेवटचा हात फिरवला आणि त्याच्यावर विषयपत्रिकेची खिडकी उघडली. मग भीमरावांची वाट बघत उभे राहिले. इतके खुशीत की वॉचमनला त्यांनी 'नमस्कार' म्हटलं आणि वॉचमन दिवसभर काळजीत पडला.

भीमराव आले, बरोबर त्यांची सून तनुजा. पेटीवरचा कळस बघून त्यांनी नकळत चपला काढल्या, मग चूक लक्षात येऊन पुन्हा घातल्या.

"ह्ये काय वो, सेक्रेटरी? प्रतिष्ठापना केली का?"

"आपला विषय पहिला घेतो, भीमराव," यज्ञेश्वरराव गोड आवाजात म्हणाले. "चेंबरचा. पेन ड्राइव्ह आणलात?"

"ह्यो काय. तनुजानं भरून दिलाय."

"मग आपणच लावा. मी हात लावत नाही. नंतर सेक्रेटरीने काही केलं असं नको व्हायला. हे इथे, ह्या भोकात."

उल्काताईंनी तिसऱ्या रांगेतून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा चेहरा त्यांनी पूर्वी एकदाच पाहिला होता, त्यांच्याच लग्नात, मुलाकडची बाजू पंगतीत आधी बसली तेव्हा. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली.

भीमरावांचे फोटो सगळ्यांना स्वच्छ दिसावेत, म्हणजे ते न दिसणंही स्वच्छ दिसेल, म्हणून यज्ञेश्वररावांनी विषयपत्रिकेची खिडकी बंद केली.

तिच्याखाली भाषण होतं.

ते त्यांना दिसलं. हात मूषकाकडे गेलासुद्धा. पण भीमरावांना थांबायची सवय नव्हती. त्यांनी पेन ड्राइव्ह भोकात घातला आणि अंगठ्याने आत दाबला. मशीनने यज्ञेश्वररावांचा विश्वास तिळमात्र ढळू दिला नाही. ते तत्क्षणी गोठलं.

भिंतभर, पेरूएवढ्या अक्षरांत, सगळ्यांसमोर उभं राहिलं : 'विजयोत्तर भाषण.'

"मागं दिसत न्हाई," मागून कोणीतरी म्हणालं. "वाचा की मोठ्यानं."

तनुजा शाळेत मराठी शिकवायची. ती उठली आणि तिने धड्यासारखं वाचायला घेतलं. "भीमराव! कंसात, नजर रोखून, उजवी भुवई वर. मशीन हँग झालं नाही, आपण झालात. कंसात, हशा. हशा थांबेपर्यंत पाणी प्यावे."

हशा झाला. तो थांबेना. यज्ञेश्वररावांना पाणी प्यायचं सुचलं नाही.

"ज्याला साधा पेन ड्राइव्ह लावता येत नाही, त्याने नांगरच धरावा. कंसात, टाळ्या. सुरुवात उल्का करील."

सगळ्या माना उल्काताईंकडे वळल्या.

"मला कोणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नांगर?" भीमराव म्हणाले. "नांगर कवाच इकला. पुडं वाच गं."

"शेवटी मोठ्या मनाने क्षमा करणे. कंसात, चष्मा काढून."

"काडा की मग," भीमराव म्हणाले. "आन् नजर रोका. आमी बसलोय."

यज्ञेश्वरराव कीबोर्ड बडवत होते. मूषक फरफटत होते. कॅप्स लॉकचा दिवा लागत नव्हता, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. पॉवरचं बटण पेटीत होतं. ते धावत प्रोजेक्टरच्या समोर जाऊन उभे राहिले, तेव्हा भाषण त्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर पडलं आणि 'क्षमा करणे' नेमकं पोटावर आलं. तिथून ते भिंतीकडे झेपावले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

तळघरातला हॉल. पंखे गेले, दिवे गेले, मिट्ट काळोख झाला. फक्त भाषण राहिलं. काळोखात तर ते अधिकच ठसठशीत दिसायला लागलं. कारण मशीन आणि प्रोजेक्टर दोन्ही बॅटरीवर होते आणि ती बॅटरी यज्ञेश्वररावांनीच गेल्या वर्षी सगळ्यांशी भांडून बसवून घेतली होती, लाइट गेले तरी सेक्रेटरीचं भाषण मध्येच थांबू नये म्हणून.

"चांगली हाय बॅटरी," अंधारातून भीमराव म्हणाले. "उगाच नावं ठेवली आमी."

आता पेटी उघडण्यावाचून इलाज नव्हता. यज्ञेश्वररावांनी झब्ब्याच्या गळ्यातून हात घातला, जानवं ओढलं, किल्ली बाहेर काढली. जानवं काही टेबलापर्यंत लांब नव्हतं. म्हणून ते गुडघ्यांवर बसले, मान पुढे केली आणि भाषणाच्या उजेडात कुलूप उघडलं. त्या जातीच्या कुलपाची एक खोड असते : उघडं असेपर्यंत ते किल्ली सोडत नाही. किल्ली कुलपात, जानवं किल्लीला, यज्ञेश्वरराव जानव्याला आणि कुलूप दाराच्या कडीत लोंबकळतंय. तशा अवस्थेत त्यांनी दार जेमतेम किलकिलं केलं, आत बोटं घातली आणि बटण दाबून धरलं. भाषण एकदाचं मेलं.

भीमरावांनी चाचपडत जाऊन मेन स्विच वर केला. दिवे लागले. सभेला दिसलं ते असं : सेक्रेटरी कळसासमोर गुडघे टेकून, पेटीला डोकं लावून बसले आहेत.

"झाला का नमस्कार?" भीमरावांनी विचारलं. "परसाद हाय का?"

उल्काताई उठल्या. त्यांनी पर्समधून छोटी कात्री काढली आणि किल्लीची दोरी कापली. नवरा सुटला, पण तसाच बसून राहिला. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं, पेन ड्राइव्ह उपसून भीमरावांच्या हातात दिला, मोबाइलचा उजेड त्या डाव्या भोकात मारला आणि केसांतला आकडा काढून आत अलगद फिरवला. रुमालावर आधी लाल चिखलाची खपली पडली. मग पिवळी. मग तांदळाचा एक दाणा.

"अक्षत आहे," त्या म्हणाल्या.

"बघा!" यज्ञेश्वरराव उसळून उभे राहिले. "बघा, घातलंय की नाही कोणीतरी? मी म्हणत होतो! भीमराव, हे आपण—"

"अहो, हे आपल्या घरचं कुंकू आहे."

भीमराव रुमालावर वाकले. उल्काताई पुढे बोलतच होत्या.

"दसऱ्याला 'यंत्राच्या प्रत्येक बंदराला लागलं पाहिजे' म्हणून कोणी लावलं? ओलं करून? मी म्हटलं, बाहेरून टेकवा. तर म्हणे, शास्त्र म्हणजे शास्त्र. उजव्यात तेव्हा मूषक होता, म्हणून ते वाचलं."

तनुजाने तोवर मोबाइलवर ग्रुपमध्ये मागे जाऊन दसऱ्याचा फोटो शोधून काढला होता. त्यात यज्ञेश्वररावांची करंगळी डाव्या बंदरात पहिल्या पेरापर्यंत गेलेली होती, आणि चेहऱ्यावर कमालीचा भक्तिभाव होता.

उल्काताईंनी भोक पुसलं, मशीन चालू केलं. भीमरावांनी पेन ड्राइव्ह पुन्हा लावला. काहीही गोठलं नाही. सी विंगचं चेंबर भिंतभर झळकलं, वेगवेगळ्या कोनांतून, अतिशय सुस्पष्ट, आणि लिनक्सची त्या सोसायटीतली पहिली निर्दोष कामगिरी म्हणून ते सगळ्यांनी शेवटच्या फोटोपर्यंत नाकाला रुमाल लावून पाहिलं.

यज्ञेश्वरराव सभेकडे वळले. "मी शब्दाचा पक्का आहे. मी राजीनामा देतो. ज्यांना सेक्रेटरी व्हायचं असेल त्यांनी हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. एकाने डोकं खाजवायला नेलेला हात अर्ध्यातून खाली घेतला. लोक छताकडे बघू लागले, छत इतकं निरखून त्यांनी गळतीच्या दिवसांतही पाहिलं नव्हतं.

"आसं करू," भीमराव सावकाश म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच यज्ञेश्वररावांनी एकदा दाराकडे बघून घेतलं. "सेक्रेटरी आपल्या तोंडानं काय म्हनाले व्हते? नाव पुसीन. काम सोडीन आसं कुटं म्हनले? तर ठराव मांडतो. नाव काडावं. काम ऱ्हाऊ द्यावं. आन् पैलं काम, आमचं चेंबर. सोताच्या हातानं."

ठराव एकमताने मंजूर झाला. उल्काताईंचा हात सगळ्यात आधी वर गेला होता. टाळ्यांची सुरुवातही त्यांनीच केली.

थिनर भीमरावांनी आठवणीने पाठवला. दुपारी यज्ञेश्वरराव गेटपाशी स्टुलावर उभे राहून पाटी पुसत होते. 'सेक्रेटरी : श्री.' एवढं त्यांनी ठेवलं. पुढची जागा पुसली तेवढी लख्ख दिसायला लागली, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण थांबून ती कोरी जागा वाचू लागला.

सोमवारी सकाळी प्राणी सोडवणाऱ्या एका संस्थेची दोन माणसं जीप घेऊन आली. बी विंगमधून तक्रार गेली होती की सेक्रेटरीने ऑफिसात दोन माकडं लाकडी पेटीत कोंडून ठेवली आहेत, त्यातलं एक चावतं, आणि त्यांची केळीही सेक्रेटरी स्वतःच खातात. यज्ञेश्वररावांनी त्यांना पेटी दाखवली, बंदरं दाखवली, शब्दकोशही दाखवला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कोंडलेली माकडं सुटली तरी खाण्याच्या जागी परत येतात, असं म्हणाले, आणि ऑफिसात एक मोठा पिंजरा ठेवून, आत केळी टांगून, चार दिवसांनी येतो असं सांगून गेले. किल्ली बरोबर घेऊन गेले.

त्या दुपारी, पिंजऱ्याचं दार आपोआप लागतं का हे बघायला यज्ञेश्वरराव आत गेले. लागतं.